धाकट्याच्या नावावर

कोचकोर, १४ ऑक्टोबर

ओस्मोनदादा,

आधी यादी देतो, मग पत्र.

घराचं पुढचं दार, चौकटीसह. स्वयंपाकघरातली चूल आणि तिचं धुराडं. वारा कुठूनही सुटो, धूर उलटा येत नाही. बटाट्यांचं तळघर. अंगणातला तंदूर. कपडे धुण्याच्या जुन्या यंत्राच्या मोटरीवर चालणारी करवत. दुधाच्या कॅनपासून केलेली वाफेची पेटी, जिच्यात वाळुंजाच्या काठ्या मऊ होतात. कुरणावर लावायच्या गोल तंबूंचे सांगाडे, एकतीस. त्या प्रत्येकाच्या माथ्यावरचं कडं, आपलं तुंदुक; आजवर एकही तडकून परत आलेलं नाही. आबांच्या कबरीवरचा लोखंडी सांगाडा, जो पाहुण्यांना दाखवताना तुम्ही "आम्ही केला" म्हणता.

हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. शिकवलं कुणी नाही. तुम्हाला राजधानीत शिकायला धाडलं, मला मेंढरांमागे धाडलं. तक्रार नाही, कुणीतरी मेंढरांमागे जायलाच हवं होतं. पण परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "मुकाश, लेका, पंचेचाळीसचा झालास, आयुष्यात केलंस काय?" तेव्हा मी "हो दादा" म्हणालो. फोनवर मी नेहमी "हो दादा"च म्हणतो. तुम्ही श्वास घ्यायला थांबत नाही आणि थोरल्याचं वाक्य तोडायची आपल्यात रीत नाही. म्हणून पत्र. हे बिश्केकच्या टॅक्सीतून येईल, बटाट्याच्या पोत्यासोबत. बटाटे वहिनींसाठी आहेत. वरचे मोठे आणि खालचे छोटे, असं मी भरत नाही. सगळे सारखे आहेत.

आता मुद्द्याचं. तुमच्या साठीच्या मेजवानीला धाकट्या भावाकडून घोडा यायला हवा, असं तुम्ही म्हणालात. "लोक काय म्हणतील?" असंही म्हणालात. दादा, घोडा येणार नाही. का येणार नाही ते नीट वाचा, अधलं मधलं गाळू नका.

आबांना जाऊन वर्ष झालं त्याची मेजवानी मला सत्तर माणसांची करायची होती. तुम्ही तीनशे बोलावलीत. त्यातली अर्धी तुमच्या खात्यातली, आबांचं तोंडही न पाहिलेली. मी म्हणालो, "दादा, एवढं कुठून आणायचं?" तुम्ही म्हणालात, "घर धाकट्याला मिळतं, मग वडिलांचा शेवटचा मानही धाकट्यानंच करायचा. बँक आहे ना. निम्मे मी पाठवीन." घर माझ्या नावावर, म्हणून कर्ज माझ्या नावावर, म्हणून घर बँकेकडे तारण. आणि तुमच्या निम्म्याऐवजी भिंतीएवढा टीव्ही आला. तो दाराच्या चौकटीतून आत येईना. चौकट मी काढली आणि पुन्हा बसवली. यादीत ती दोनदा धरायला हवी होती.

या कर्जाचा हप्ता दोन ठिकाणांहून जातो. माझ्या तंबूंतून आणि कानिशायच्या कमाईतून. ती शाळेच्या स्वयंपाकघरात राबते आणि घरी येऊन विकायला रोट्या लावते. तिची कमाई एक महिना जरी थांबली तरी हप्ता चुकतो, आणि हप्ते चुकले की घर जातं. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघांनी ठरवलं की कर्ज फिटेपर्यंत मूल नको. तिला आता अडतिसावं लागलंय. दवाखान्यातल्या बाईंनी तिला सरळ सांगितलं, "आणखी फार लांबवू नका." जुलैत शेवटचा हप्ता जाईल. आम्ही जुलैची वाट पाहतोय. घोडा घेतला तर शेवटचा हप्ता जुलैच्या कितीतरी पुढे जातो.

यादीत पाळणा नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो बायकोच्या आईनं आणायचा असतो, बापानं करायचा नसतो. आणि ज्याला झोपवायचं तेच नसताना रिकामा पाळणा घरात ठेवत नाहीत. तुम्हाला आणि बुरुलवहिनीला मूल नाही, त्यावर मी कधी शब्द काढलेला नाही. म्हणून मला वाटतं, बाकी कुणाला नाही कळलं तरी तुम्हाला हे कळेल.

साठीला मी येईन. भेट माझ्या हातची आणीन. घोडा नाही.

धाकटा,
मुकाश


कोचकोर, ९ डिसेंबर

दादा,

अंगरखा परत पाठवतोय. टॅक्सीवाल्याला सांगितलंय की घडी मोडू नको. तो घरी पोचेल आणि वहिनी म्हणतील, "अंगावर घातलेला मान परत करतात का?" करत नाहीत, मला माहीत आहे. तरीही पाठवतोय.

मी तुमच्यासाठी तुंदुक आणलं होतं. हाताएवढं, भिंतीवर लावायचं, बर्चच्या लाकडाचं. कडं एकसंध वाकवलं होतं, सांधा कुठे आहे ते मलाही शोधावं लागतं. ते हॉटेलच्या दाराशी वहिनींच्या भाचीनं माझ्या हातातून घेतलं आणि केकच्या खोक्यांजवळ ठेवलं. मग मला पुढच्या टेबलावर बसवलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पुढचं टेबल फुकट मिळत नाही.

सूत्रसंचालक माईकवर बोलत होता. तो इतका चकाचक होता की मला वाटलं तो नवरदेव आहे. त्यानं माझं नाव घेतलं, मी उठलो. दोन बायका आल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यांवर मखमली अंगरखा घातला. मी नको म्हणायला हवं होतं. का नाही म्हणालो, ते लिहितो, हसायचं तर हसा. अंगरख्याच्या आतल्या अस्तराची शिवण उलटी होती. धागा एका बाजूला ओढलेला, बाही मुरगळलेली. एवढ्या महाग मखमलीला असली शिवण? मी बाही उलटी करून बघत होतो, आणि तेवढ्यात माईकवरून आवाज आला, "आणि आपल्या ओस्मोनदादांना, त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाकडून, घोडा!"

टाळ्या. तुमच्या खात्यातल्या लोकांनी उभं राहून वाजवल्या. मी मान वर केली तेव्हा अंगरखा अंगावर होता. ज्यानं अंगरखा घातला त्यानं घोडा दिला. हे आपल्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चारशे माणसांसमोर तो काढून टेबलावर ठेवणं म्हणजे तुमच्या तोंडावर थुंकणं. मी ठेवला नाही. मी बसलो आणि बीशबार्माक खाल्लं. तुमच्या हॉटेलच्या त्या मांसाला मीठ नव्हतं.

नंतर तुम्हाला कोपऱ्यात गाठून विचारलं, "दादा, मी लिहिलं होतं ना?" तुम्ही खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "अरे, पत्र वाचलं मी. फार छान लिहितोस. पण भेटींची यादी आधीच सूत्रसंचालकाकडे गेली होती." तुम्ही पत्र वाचलंत. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग तुम्ही एक शब्द बोलून त्याच्या यादीतून एक शब्द खोडायचा होता, तेवढंच.

घोडा शनिवारच्या बाजारात घेतला. लाल, चार वर्षांचा, दात मी स्वतः तपासले. तुम्हाला दिला म्हणून वाईट घोडा देणार नाही. बँकेत त्याच टेबलावरच्या त्याच मुलीनं घोड्याचे पैसे जुन्या कर्जात मिळवून दिले. "हप्ता तोच राहील, मुकाशकाका," ती म्हणाली, "फक्त शेवट पुढे जाईल." मी विचारलं, किती पुढे. तिनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. पुढच्या वर्षाच्या पुढचा फेब्रुवारी.

घरी आलो. कानिशाय रोट्या थापत होती. मी सांगितलं. तिनं तो सगळा घाणा तंदुरात लावला आणि काढला; एकही रोटी जळली नाही आणि एकही नीट फुगली नाही. मग म्हणाली, "घोडा छान आहे का तरी?"

"छान आहे."

"मग बरं. निदान कुणीतरी जन्माला आलं या घराच्या कर्जातून."

तिच्या बोलण्यात हे असं कधीतरीच येतं. आलं की मी वर्कशॉपमध्ये जातो. तिथे मी आज वाफेच्या पेटीत दोन काठ्या विसरलो. त्या जास्त शिजल्या, टाकाव्या लागल्या. माझ्या हातून असं होत नाही.

मुकाश

ता. क. अंगरख्याची डावी बाही उसवून मी नीट शिवून दिली आहे. उजवी तशीच ठेवली. फरक बघा.


कोचकोर, २२ फेब्रुवारी

दादा,

तुम्ही रस्त्यातून सुखरूप पोचलात हे वहिनींच्या मेसेजवरून कळलं. बोआम घाटात बर्फ होतं म्हणतात.

तुम्ही सांगून आला असतात तर कानिशायनं मेंढी नाही तरी कोंबडी कापली असती. तुम्ही उंबऱ्यावर उभे राहिलात आणि म्हणालात, "मी थोडाच पाहुणा आहे." मग तिनं होती ती रोटी, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा मांडला. तुम्ही रोटी मोडलीत, हात तोंडावरून फिरवलेत, तिच्या हाताचं कौतुक केलंत. ते तिला आवडलं. तिला अजूनही वाटतं की तुम्ही त्यासाठीच आला होतात.

मग आपण वर्कशॉपमध्ये गेलो. तुम्ही लाकडाच्या ढिगावर बसलात, विचारलंत, "उरलंय किती?" मी रक्कम सांगितली, शेवटच्या सोमापर्यंत. मला वाटलं, आबांच्या वेळचे निम्मे आठवले असतील. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तुमच्यासाठी मी माझा स्टूलसुद्धा पुसला.

आणि मग तुम्ही जे बोललात ते बोललात.

ते मी या कागदावर लिहिणार नाही. टॅक्सीवाला सज्जन आहे, पण पाकिटाला गोंद मी स्वतः केलेला आहे आणि थंडीत तो नीट धरत नाही. मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, "विचार कर, घाई नाही." मी पुन्हा नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, "तुझा स्वभावच असा. कुणाचा हात घ्यायचा नाही, सगळं स्वतःच करायचं. आबाही असेच होते आणि गुडघे मोडून मेले." मी तिसऱ्यांदा नाही म्हणालो, तेव्हा तुम्ही उठलात. दारापाशी म्हणालात, "बाहेर काही बोलू नकोस." मी बोललो नाही. कानिशायलासुद्धा सांगितलं, "दादा लाकडाचे भाव विचारत होते."

लग्न झाल्यापासून तिच्याशी मी बोललेलं हे पहिलं खोटं. तुमच्यासाठी बोललो. तेवढं लक्षात असू द्या.

मुकाश


कोचकोर, २९ मार्च

दादा,

"बाहेर काही बोलू नकोस" हे फक्त माझ्यासाठी होतं का? मला आपलं वाटलं, दोघांसाठी असेल.

नवरोजच्या दुसऱ्या दिवशी तोक्तोबुबूआत्या आली. चपला काढायच्या आधीच सुरू झाली. "मुकाश, तुला लाज कशी वाटत नाही! थोरला भाऊ स्वतः गाडी काढून येतो, सगळं कर्ज फेडतो म्हणतो, आणि तू त्याला दार दाखवतोस? गावभर झालंय. ओस्मोन रडत होता म्हणे!"

कानिशाय चहा ओतत होती. कपातून चहा बशीत आला, बशीतून कापडावर.

"कुठलं कर्ज फेडतो म्हणाले?" तिनं मला विचारलं. आत्याला नाही, मला.

"आपलं," मी म्हणालो.

"सगळं?"

"सगळं."

"आणि तू मला लाकडाचे भाव सांगितलेस."

आत्या म्हणाली, "बघ! बायकोलाही सांगितलं नाही! असा हा गर्विष्ठ. लहानपणी पायात काटा गेला तरी दाखवायचा नाही."

कानिशायनं किटली खाली ठेवली. तिचा आवाज चढत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "बदल्यात काय?" ती म्हणाली. "एवढी रक्कम कुणी नुसती देत नाही. बदल्यात काय मागितलं?"

दादा, मी तुमची लाज राखायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "जाऊ दे." ती म्हणाली, "बदल्यात काय?" मी म्हणालो, "आत्या गेल्यावर सांगतो." ती तिसऱ्यांदा म्हणाली, "बदल्यात काय?" मग मी सांगितलं.

"मूल. आपलं पहिलं. होईल ते."

आता आत्याचं ऐका. आधी ती म्हणाली, "त्यात काय मोठं? थोरल्याला नसलं की धाकटा देतो. मला नाही का दिलं? तुझ्या आजोबांनी मला दूध सुटल्यावर थोरल्या काकांकडे धाडलं. मेले का मी? चांगली जगले, चांगल्या घरी पडले." ते खरं आहे. आपल्यात देतात, देत आलेत, आणि ज्यांना दिलं ते वाईट जगले असं नाही.

पण कानिशायनं विचारलं, "तुमच्या बदल्यात काय मिळालं, आत्या?"

"मिळायचं काय? काही नाही. मागितली, दिली."

"एक मेंढीही नाही?"

"अगं, मी काय बाजारातली होते?" एवढं बोलली आणि आत्या थांबली. तिचा हात बशीवर होता, तो तसाच राहिला. मग हळूच म्हणाली, "ओस्मोननं पैशाचं बोलणं मुलाबरोबर एका दमात केलं?"

"एका दमात," मी म्हणालो.

मग ती उठली. जाताना उंबऱ्यावर एवढंच म्हणाली, "सत्तर वर्षांची झाले. अजून कुणी विचारलं, कुणाची लेक, की आधी त्याच्याकडे बघते आणि ठरवते कुणाचं नाव सांगायचं." आणि चपला उलट्या पायात घालून गेली.

मला वाटलं, कानिशाय आता तुम्हाला चार शिव्या घालील. मी तयार होतो. माझ्याही जवळ होत्या. तिनं शिव्या घातल्या नाहीत. कापडावरचा चहा पुसला. म्हणाली, "दादांना काय बोलायचं? त्यांनी मुलाची किंमत लावली आणि आपल्याला राग आला. पण आपण तरी चार वर्षं काय करत होतो? एवढे फिटले की मूल, तेवढे फिटले की मूल. भाव आपणच लावून ठेवला होता. ते फक्त गिऱ्हाईक म्हणून आले."

मी म्हणालो, "घर तारण आहे."

"आहे."

"तुझी कमाई थांबली तर?"

"तर बघू. तुला वाफेची पेटी कुणी शिकवली होती? तीन वेळा फुटली तेव्हा बंद केलीस का?"

चार वेळा फुटली होती. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

तर हे असं आहे, दादा. आम्ही फेब्रुवारीची वाट पाहायचं थांबवलंय. पुढे काय होईल ते अल्लाला माहीत, आणि तिच्या वयाला माहीत. तुम्हाला सांगायचं कारण एवढंच की तुम्ही गावात जे सांगताय ते अर्धं आहे. अर्धं बसवलेलं तुंदुक वाऱ्यात कुणाच्या डोक्यावर पडेल ते सांगता येत नाही.

मुकाश


कोचकोर, १८ ऑक्टोबर

दादा,

आठ महिने तुम्ही फोन केला नाही. मीही केला नाही, तेव्हा फिटंफाट. पण आता लिहायलाच हवं, कारण पुढच्या महिन्यात आत्याच्या नातवाचं लग्न आहे, आपण दोघं एकाच टेबलावर बसणार, आणि माईक असणार.

आधी घरची खबर. कानिशायला सातवा महिना आहे. जानेवारी सांगितलाय. दवाखान्यातल्या बाई म्हणतात, वयाच्या मानानं उत्तम. "वयाच्या मानानं" हे त्या दर वेळी म्हणतात आणि दर वेळी कानिशाय मला कोपरानं ढोसते, म्हणजे मी काही बोलू नये. शाळेचं काम तिनं सोडलं. वरच्या फळीवरच्या डब्यांना हात पुरेना आणि मी जाऊन सगळे डबे खाली मांडून आलो तर मुख्याध्यापिका बाईंनी मला हाकललं. रोट्या अजून लावते, तंदुरासमोर स्टूल ठेवून. स्टूल मी केला. उंची तिनं चारदा बदलायला लावली, आता बरोबर आहे.

कर्जाचे चार हप्ते राहिलेत. म्हणजे मूल आधी येईल आणि शेवटचा हप्ता नंतर जाईल. बँकेतल्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "मुबारक, मुकाशकाका! सुयुंचु म्हणून काय देऊ?" आनंदाची खबर आणणाऱ्याला काही द्यायचं असतं ना, तर मी म्हणालो, "एक हप्ता माफ कर." तिनं खणातून चॉकलेट दिलं. तिच्या मानानं तेही खूपच.

पहाटे अंगणात गेलो की मला भीती वाटते, हेही लिहितो. मागच्या महिन्यात एक हप्ता चार दिवस उशिरा गेला. त्या चार दिवसांत प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी फाटकाकडे बघितलं. मग कुरणावरून तंबूवाल्याचे पैसे आले. पुढच्या महिन्याचं अजून ठरलेलं नाही. ठरेल.

पाळणा सासूबाईंनी घेतलाय, बाजारातून, रंगीत. इथे आणायला अजून वेळ आहे, म्हणून त्यांच्या घरी चादरीखाली ठेवलाय. मला सक्त ताकीद आहे की हात लावायचा नाही. मी हात लावला नाही. चादर थोडी सरकवून फक्त पाहिलं. दादा, चार खिळे! पाळण्याला खिळे! चांगला सांधा एका दिवसाचं काम आहे. सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही गावाला तंबू करा. नातवाचं मी बघते." मी चादर सारखी केली. मुलाच्या चाळिसाव्या दिवशी पाळणा घरी येईल. त्या रात्री सगळे झोपले की ते खिळे राहणार नाहीत.

आता तुमच्याबद्दल.

आत्यानं कुणाला काही सांगितलेलं नाही, मी विचारून घेतलं. पण गावात अजून तेच चालू आहे: थोरल्यानं कर्ज फेडायला हात पुढे केला, धाकट्यानं गर्वापायी झिडकारला, आता बायको गरोदर आणि घर बँकेकडे, भोगा म्हणावं. शनिवारच्या बाजारात एकानं मला तोंडावर विचारलं, "काय रे मुकाश, मुलाला दूध पाजणार की गर्व?" मी त्याला लाकूड विकलं आणि भाव कमी केला नाही.

मला आता यातलं काही उलटं फिरवायचं नाही. मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो, जी मी आत्यालाही सांगितली नाही आणि कानिशायला सांगताना मला दोन महिने लागले.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये तुम्ही नुसतं मागितलं असतं, तर काय झालं असतं मला माहीत नाही. तुम्ही लाकडावर बसून म्हणाला असतात, "मुकाश, घर रिकामं आहे. बुरुल संध्याकाळी टीव्ही लावते ती कुणीतरी बोलावं म्हणून. तुमचं पहिलं आम्हाला द्या." एवढंच. तर थोरल्याला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. आपल्यात ते तोंड कुणालाच नाही. मी मान खाली घातली असती. कदाचित हो म्हणालो असतो, आणि मग कानिशायसमोर उभं राहायला मला जागा उरली नसती. पण तुम्ही रक्कम जोडलीत. रक्कम जोडली की तो व्यवहार होतो, आणि व्यवहाराला नाही म्हणायला मला कधीच अवघड गेलेलं नाही. एकतीसाच्या वर तंबू विकलेत मी. त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे, आणि हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही.

वहिनींना मी हे पत्र दाखवू नका म्हणणार नाही, पण दाखवायचं तर एकट्या असताना दाखवा. त्यांच्यावर माझा राग नाही. मूल झालं की तुम्ही दोघं या. चाळिसाव्या दिवशी या. घोडा आणू नका, अंगरखा आणू नका, टीव्ही तर अजिबात आणू नका. मी चौकट पुन्हा काढणार नाही. वहिनींच्या मांडीवर मूल देऊ. हवं तितका वेळ बसा. मग चहा पिऊन घरी जा, आणि मूल इथेच राहील.

आणि लग्नात कुणी विचारलं, की तुमच्या धाकट्यानं तुमचा हात का झिडकारला, तर सांगा. माझी हरकत नाही. फक्त अर्धं सांगू नका. तुम्ही बोलताना घाई करता आणि आकडे गोल करता, म्हणून मी इथे नीट लिहून देतो. खिशात ठेवा, हवं तर माईकवर वाचा.

मी नाकारलं ते हे: माझ्या कर्जाची उरलेली सगळी रक्कम तुम्ही भरायची, आणि कानिशायच्या पोटी जे पहिलं मूल होईल ते चाळिसाव्या दिवशी बिश्केकला तुमच्या घरी न्यायचं, तुमच्या नावावर. रक्कम, मी तुम्हाला सांगितली ती, दोन लाख अडतीस हजार चारशे सोम. तुम्ही म्हणालात ती, सरळ दोन लाख चाळीस हजार. वरचे सोळाशे मुलाच्या खाऊला.